डावी बाजू उजवीकडे

सीताबर्डीच्या दुकानात, पहिल्या मजल्यावर,
निनावे नावाचा पोरगा काळी पाटी पुढे सरकवतो.
"काढून पाहा ना ताई, काढायचे पैसे नाही लागत."
बाहेर चव्वेचाळीस. आत एसी,
म्हणून मी जरा जास्तच वेळ विचार करते.

बेडूक काढते.
एकोणीस वर्षं काढतेय,
गांधीबागेतल्या बारापात्र्यांच्या गाइडांसाठी:
बेडूक, अमीबा, मूत्रपिंडाचा उभा छेद.
आकृतीला आधी पंचवीस, मग साठ, आता एकशेदहा,
नावं न घालता. नावं त्यांचा मुलगा टाइप करतो.
किती पोरांनी दहावीला
माझा नेफ्रॉन पाहून आपला नेफ्रॉन काढला असेल,
आणि माझं नाव कुठेच नाही. बरंच आहे.
एका आवृत्तीत जठर उलटं छापलं होतं.

गेल्या महिन्यात बारापात्रे म्हणाले,
"वहिनी, कागद नका आणू आता,
स्कॅन कराले माणूस नाही. फाइल पाठवत जा."
चहा मात्र कपबशीतच पाजला.

तर हा बेडूक.
हात खाली, पाटीवर. बेडूक वर, पडद्यावर.
मधे दोन वीत हवा.
मी मागचा पाय दुमडते, तो वर पोटातून निघतो.
खाली पाहते, पाटी कोरी.
वर पाहते, तर हात कोणाचा कोण जाणे.

"असंच होते सगळ्यायचं," निनावे म्हणतो,
"आठ दिवसांत हात बसून जाते.
नाही तर हा घ्या, पडद्यावरच काढायचं. सत्तावीस हजार."
बिनपडद्याची चार हजार तीनशे.
मी मनात भागाकार करते:
एकोणचाळीस बेडूक, आणि वर एक बोट.
सत्तावीस हजारांचे मोजत नाही,
अंबाझरीतही तेवढे नसतील.

तो एक बटण दाबतो. पाय जातो.
पुन्हा दाबतो. पोट जातं, डोळे जातात,
आणि पडदा असा स्वच्छ,
जसा तिथे बेडूक कधी बसलाच नव्हता.

माझ्याकडे अर्धं ब्लेड आहे.
गेटवेवरची शाई श्वास धरून खरवडायची,
मग नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा.
उजेडासमोर धरला की चूक दिसतेच.
माझ्या प्रत्येक हृदयात अशी एक जागा आहे.
छपाईत ती येत नाही.

"रविवारी सांगते."
"रविवारी बंद राहते, ताई."
"म्हणून तर."

रात्री कूलरसमोर बसते,
मांडीवर पाठकोरा कागद, डोळे भिंतीवर,
आणि खाली न पाहता हृदय काढते.
अनंत विचारतो, "काय करून राहिली?"
"हृदय."
"भिंतीवर?"
"भिंतीवर फक्त पाहतेय."
तो थोडा वेळ भिंतीकडे पाहतो, मग झोपतो.

पहिलं हृदय वाया गेलं.
झडपा एकीकडे, शिरा एकीकडे,
महाधमनी कागद सोडून गाउनवर.

दरवर्षी गल्लीतलं कोणीतरी पुस्तक घेऊन येतं:
काकू, डावं अलिंद उजवीकडे कसं?
मी सांगते, हे हृदय तुझं नाही रे,
समोरच्याचं आहे,
तो तुझ्याकडे तोंड करून उभा आहे.
पोरं आपल्या छातीला हात लावतात,
मग पुस्तकाला,
मग त्यांना कळतं, किंवा कळल्यासारखं करतात.

एकोणीस वर्षं मी हे न अडखळता सांगतेय.

दुसरा कागद घेतला.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता पंखा फिरतोय.
डावं अलिंद कुठे यायला हवं
ते भिंतीवर ठरवलं, एका पोपड्याच्या बाजूला,
आणि हात तिकडे गेला.
बहुतेक गेला.
खाली मी अजून पाहिलेलं नाही.